एकर, मोर्गन आणि गौरीचा नांगर

जर्मनीहून परत आले त्याला आता बरेच दिवस झाले, तरी भेटेल तो विचारतो, "बाई, काय काय बघितलं?" लोकांना ऱ्हाईन नदी ऐकायची असते, किल्ले ऐकायचे असतात, निदान बर्फ तरी. मी सांगते, "नांगरट बघितली." समोरचा हसतो. त्याला वाटतं, बाईंना नेहमीसारखी चेष्टेची लहर आली. उभा जन्म शाळेत मराठी आणि संस्कृत शिकवण्यात गेला, तेव्हा चेष्टा करण्याची सवय आहेच मला. पण हे खरं आहे. मी नांगरटच बघायला गेले होते, आणि जी बघितली ती लिहून ठेवावी म्हणून बसले आहे. किल्ले ज्यांना हवेत त्यांनी ते दुसऱ्या कुणाकडून ऐकावेत.

आमची मुलगी गौरी आखनला असते. पुण्यात मेकॅनिकल इंजिनियरिंग केलं, पुढचं शिक्षण आखनच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीत, आणि आता तिथल्याच एका कंपनीत नोकरी. कंपनी नांगर बनवते. ट्रॅक्टरला जोडायचे, पाच-पाच फाळांचे पलटी नांगर.

हे वाक्य मी सहज लिहिलं, पण आमच्या घरात ते सहज बोललं जात नव्हतं. लातूरकडच्या आमच्या घरात बाईनं नांगराला हात लावायचा नाही अशी रीत. खुरपणी बाईनं करायची, काढणी बाईनं करायची, पेरणीला तिफणीमागं चालत चाड्यावर मूठ बाईनंच धरायची; तिच्या हातून पडलेलं बी उगवतं, पण तिनं नांगराचा दांडा, म्हणजे रुमणं, धरलं की म्हणे पाऊस रुसतो. गौरी लहान असताना एकदा पळत गेली आणि तिनं रुमणं धरलं. माझ्या सासऱ्यांनी तिथल्या तिथं बैल सोडले आणि त्या दिवशी औत बंद ठेवलं. संध्याकाळी मी त्यांच्याशी भांडले. सगळ्या गल्लीला ऐकू जाईल इतकं भांडले, आणि हरले.

सासरे गेले, पण त्यांचा शब्द आमच्या ह्यांनी सांभाळून ठेवला. माणूस वाईट नाही. मुलीला परदेशी पाठवताना एका शब्दानं आडवे आले नाहीत. पण सोयाबीन घालायला अडतीवर गेल्यावर कुणी विचारलं, "लेक काय करते?" की म्हणायचे, "कंपनीत आहे, मशिनरीत." नांगर हा शब्द तोंडातून यायचा नाही. गौरीला ते ठाऊक होतं. माझ्याशी ती फोनवर फाळ, माती, खोली सगळं बोलायची आणि बाबांशी हवापाण्याचं.

मग एक दिवस तिचा फोन आला. "आई, माझा नांगर पहिल्यांदा शेतकऱ्यांसमोर चालणार आहे. फेल्डटाग असतो, म्हणजे शेतातच प्रात्यक्षिक. तू ये ना. बाबांना शेत सोडवणार नाही, माहितीय मला. पण तू ये."

मी गेले. जाताना मनात दोनच गोष्टी होत्या. तिचा नांगर नीट चालावा, आणि 'लेक नांगर बनवते' हे घरातल्या माणसानं एकदा स्वतःच्या तोंडानं म्हणावं.

आखन

आखन हे गाव मला आवडलं, कारण तिथं चढउतार आहेत आणि माणसं सायकलवरून ते मुकाट्यानं चढतात. बसमध्ये आपली पोरं इतकी की, मागच्या बाकावरून "अरे, मेसमध्ये आज काय होतं?" असं शुद्ध पुणेरी मराठी ऐकू आलं तेव्हा मी वळून उत्तर देणार होते. जुनं कॅथेड्रल बघितलं. प्रिंटेन नावाची मसाल्याची बिस्किटं खाल्ली. चव छान, पण दात शाबूत असलेल्यांनीच त्यांच्या वाटेला जावं.

पहिल्याच रविवारी माझ्या हातून गुन्हा घडला. मी बरोबर नेलेल्या छोट्या खलबत्त्यात शेंगदाण्याची चटणी कुटायला बसले. चार ठोके पडले नाहीत तोच खालच्या मजल्यावरच्या आजीबाई दारात. ताठ, उंच, पांढरेशुभ्र केस. गौरीनं त्यांच्याशी बरंच काही बोलून दार लावलं आणि तिकडच्या सवयीनं मधे 'आल्झो', म्हणजे 'तर मग', घालत म्हणाली, "आई, रविवारी रूहेत्साइट असतो. शांततेची वेळ. ड्रिलिंग नाही, व्हॅक्युम नाही, आणि आल्झो, खलबत्ता तर नाहीच."

"मग रविवारी ही माणसं चटणी कशी खातात?"

"शनिवारी कुटून ठेवतात," गौरी गंभीर चेहऱ्यानं म्हणाली आणि मग आम्ही दोघी हसत सुटलो. कुटली तेवढी चटणी मी वाटीत घालून आजीबाईंना नेऊन दिली. दुसऱ्या दिवशी वाटी परत आली ती आलुबुखाराच्या मुरंब्यानं भरून. रिकामी वाटी परत करायची नाही, हे त्यांनाही कुणीतरी शिकवलेलं दिसलं.

आखनजवळ एका टेकडीवर तीन देशांच्या हद्दी मिळतात. तिथं एक दगड आहे. त्याच्याभोवती प्रदक्षिणा घातली की जर्मनी, हॉलंड आणि बेल्जियम करून माणूस परत जर्मनीत. मी ती घातली. आमच्याकडं वीतभर बांधासाठी सख्खे भाऊ एकमेकांच्या लग्नाला जात नाहीत, आणि इथं तीन देशांच्या हद्दीवर बसून माणसं बटाट्याचे काप खात होती. त्यांनीही ह्या हद्दींसाठी पूर्वी भरपूर रक्त सांडलंय असं गौरीनं सांगितलं, तेव्हा मला थोडं बरं वाटलं.

युलिशच्या वाटेवर, क्लासेन ह्यांचं शेत

प्रात्यक्षिकाच्या आदल्या दिवशी गौरीची वरिष्ठ बिर्गिट आम्हाला मोटारीतून शेतावर घेऊन गेली. बिर्गिट म्हणजे आखूड केसांची, कमी बोलणारी, गाडी मात्र वाऱ्यासारखी हाकणारी बाई. आखन मागं पडलं आणि दोन्ही बाजूंना सपाट, पिवळसर, लोण्यासारखी माती दिसायला लागली. कडेला घराएवढे ढीग. मला वाटलं दगड आहेत. ती साखरेची बीटं होती. आमच्याकडं ऊस तोडून कारखान्याची वाट बघत बसतात, तशी ती बीटं कारखान्याच्या वाहनाची वाट बघत पडली होती. ते बघून मला फार घरच्यासारखं वाटलं.

शेतमालक हेर क्लासेन, म्हणजे क्लासेनसाहेब, माझ्याहून चार-सहा वर्षांनी मोठे असावेत. हात मिळवला तेव्हा त्यांच्या तळव्याचे घट्टे जाणवले. त्यांच्या बायकोनं बटाटा किसून तळलेले गरम राईबेकूखन केले होते, आपल्या थालीपिठाचे भाऊबंद. त्यावर ते लोक सफरचंदाचा गोड लगदा घालतात. मी माझी चटणी काढली. हेर क्लासेननी ती लगद्यावरच घातली, लालबुंद झाले, पाणी प्यायले आणि दुसऱ्यांदा मागितली. त्यानंतर आमचं चांगलं जमलं.

मी गौरीकरवी विचारलं, जमीन किती? म्हणाले, अमुक इतके मोर्गन.

"मोर्गन म्हणजे सकाळ ना?" मला एवढं जर्मन आलं होतं.

हेर क्लासेननी टेबलावर बोटानं लांब रेघ ओढून दाखवली. गौरी सांगत गेली. "एक माणूस एका जोडीनं सकाळभरात जेवढं नांगरेल तेवढी जमीन म्हणजे एक मोर्गन. कागदावर आता हेक्टर आहेत, पण ह्या भागातले जुने शेतकरी बोलताना अजून मोर्गनच म्हणतात. दुपारनंतर जनावरांना विश्रांती."

"आमच्याकडंही उन्हं चढली की औत सोडतात," मी म्हटलं.

"गेनाऊ! अगदी बरोबर!" गौरी एकदम खुलली. "आणि आई, आपला एकर आहे ना, त्याची पण हीच गोष्ट आहे. जर्मनमध्ये शेताला आकर म्हणतात. इंग्रजांचा जुना शब्दही तोच. आधी त्याचा अर्थ फक्त शेत, मोकळं रान. मग हळूहळू तो मापाचा शब्द झाला. बैलांची जोडी दिवसभरात नांगरेल तेवढं रान म्हणजे एकर. म्हणून त्यांचं एकराचं रान लांबलचक पट्टीसारखं असायचं."

"लांबलचक का?"

"तूच सांग."

मला क्षणभर विचार करावा लागला, आणि मग हसू आलं. नांगराला जुंपलेले बैल वळवणं किती त्रासाचं असतं हे ज्यानं बघितलंय त्याला ह्याचं उत्तर यायलाच हवं. जितकं तास, म्हणजे नांगराची रेघ, लांब तितकं वळवणं कमी.

मला त्या स्वयंपाकघरात बसून विलक्षण आनंद झाला. उभ्या जन्मात मी एकर हा शब्द साहेबाचा समजत आले. मोजणीच्या साखळ्या घेऊन घोड्यावरून आलेल्या कुण्या गोऱ्या अधिकाऱ्यानं तो आमच्या रानावर लादला, अशी माझी समजूत. आमची माणसं मापायची ती औतांवर. "त्यांच्याकडं चार औतं आहेत" म्हटलं की जमीनही कळायची आणि घरही कळायचं. आणि आता कळतंय की साहेबाचा एकर तरी कुठून आला? बैलाच्या मागून, चिखलातून, अनवाणी पायांनी.

परत आल्यावर मी शाळेच्या ग्रंथालयातला जुना संस्कृत कोश काढून बसले. वेदांत 'अज्र' असा शब्द आहे. अर्थ शेत, मोकळं मैदान. 'अज्' म्हणजे हाकणं, त्यावरून जिथं गुरं हाकायची ते रान. भाषेचे अभ्यासक अज्र, आकर आणि एकर ही एकाच कुळातली भावंडं मानतात. मी हे शब्द शेजारी शेजारी लिहिले आणि बराच वेळ बघत बसले. अभिमान वाटला, लपवत नाही. जगातले शहाणे लोक जमिनीची मापं शोधायला बसले, तेव्हा त्यांना शेवटी नांगरणाऱ्यालाच विचारावं लागलं.

फेल्डटाग

सकाळी शेताच्या कडेला आसपासचे शेतकरी जमायला लागले. सगळे खिशात हात घालून उभे. शेतकरी कुठलाही असो, दुसऱ्याचं यंत्र बघायला येतो तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर "बघू तरी, कसं फसतंय" असं लिहिलेलं असतं. ह्यांना पसंत पडला तर नांगर पुढं कारखान्यात जाणार, नाहीतर गौरीचं इतक्या दिवसांचं काम कपाटात जाणार, असं बिर्गिटनं मला येताना इंग्रजीत स्पष्ट सांगितलं होतं.

नांगर उभा होता निळ्या रंगाचा, चकचकीत. माती पलटणारे वाकडे पत्रे गौरीनं स्वतः आखलेले. शिवाय त्याला एक डोळा होता, कॅमेऱ्याचा. तो डोळा आधीच्या तासाची कड बघतो आणि नांगर आपोआप डावीउजवीकडं सरकवतो, म्हणजे तास सरळ येतं. हा डोळा बघायलाच निम्मी माणसं आली होती.

आता नवा नांगर रानात उतरणार आणि त्याची पूजा नाही, हे मला कसं चालावं? मी घरून हळदकुंकू नेलं होतं. नारळ आखनच्या आशियाई दुकानातला. झेंडू क्लासेनबाईंच्या बागेतले. गौरीनं एकच अट घातली, "आई, प्लीज, स्वस्तिक काढू नकोस. इथं त्याचा अर्थ फार भयंकर आहे, कायद्यानं बंदी आहे." हे मी डोक्यात पक्कं बसवलं. स्वस्तिक नाही, स्वस्तिक नाही, असं घोकत गेले आणि फक्त बोटं ओढायची ठरवली.

गौरी आणि बिर्गिट शेतकऱ्यांना माहिती देत होत्या तेवढ्यात मी पूजा उरकली. नांगराला हात न लावायची रीत मी तिथं गाडली. फाळांना हळद लावली, दांड्यावर कुंकवाची पाच बोटं ओढली. मग नव्या ट्रॅक्टरला कपाळी टिळा लावतात, तसा लावायला जागा शोधली. वर पुढच्या बाजूला एक काळी गुळगुळीत पेटी होती. कपाळच ते. मी तिथं ठसठशीत टिळा लावला. आमच्याकडं यंत्राचं कुंकू तेलात कालवतात, पुसून जाऊ नये म्हणून.

ट्रॅक्टर बिर्गिट चालवत होती. नांगर जमिनीत उतरला आणि थोडं अंतर गेला न गेला तोच डावीकडं सरकला. मग उजवीकडं. मग परत डावीकडं. मागं जे तास पडलं ते वाकडंतिकडं. पहिल्यांदा औत धरलेल्या पोराचं तास असं येतं. शेतकऱ्यांत कुजबूज सुरू झाली. एकजण काहीतरी बोलला आणि दोघं-तिघं हसले. बिर्गिटनं ट्रॅक्टर थांबवला. गौरीचा चेहरा उतरला. ती हातातल्या पडद्यावर भराभर बोटं फिरवत होती, आणि तिला कळत नव्हतं काय बिघडलं.

मला कळलं. नांगर वळताना ती काळी पेटी माझ्या समोर आली आणि माझा टिळा उन्हात चमकला.

मी साडी वर धरून ढेकळांतून चालत गेले. "गौरी, तो डोळा मी माखला गं."

"काय?"

"कुंकू लावलं मी त्याला. मला कपाळ वाटलं."

तिनं वर बघितलं. "आई!" एवढंच म्हणाली. मी पदरानं पुसायला गेले तर तेलकट लाल फराटा आणखी पसरला. पाणी झालं, साबण झाला. काचेवर धुकं ते धुकंच. पुसून जाऊ नये म्हणूनच तर ते तसं करतात! मागं दोन शेतकरी आपल्या गाडीकडं चालायला लागले होते. मी आजवर पोरीच्या कुठल्याच कामात आडवी आले नव्हते आणि आले ती इथं, असं वाटून माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

गौरीनं हातातला पडदा बिर्गिटकडं दिला. "आल्झो. ठीक आहे. डोळा बंद करते. मी चालवते."

बिर्गिट जर्मनमध्ये काहीतरी झटकन म्हणाली. नको, असंच असणार ते. गौरीनं मान हलवली आणि लोकांसमोर जाऊन उभी राहिली. काय बोलली ते तिनं नंतर मला सांगितलं. ती म्हणाली, "ही माझी आई. आमच्याकडं नवा नांगर रानात उतरताना त्याची पूजा करतात. माझ्या नांगराची आज झाली, म्हणून डोळा झाकला गेला. डोळा दुपारी दाखवते. आधी फाळ बघा. माती कशी पडते ते बघा."

काहीही लपवलं नाही तिनं. एखादीनं तांत्रिक बिघाड म्हणून वेळ मारून नेली असती. गाडीकडं निघालेले दोघं थांबले.

गौरी ट्रॅक्टरवर चढली. शेताच्या पार टोकाला पवनचक्की होती. तिनं तिच्याकडं बघितलं आणि ट्रॅक्टर सुरू केला. नांगर जमिनीत गेला, माती उठली, वळली आणि एकावर एक अशी पडत गेली की बघत राहावं. आणि तास! टोकापर्यंत गेलं, कुठंही वाकलं नाही. वळून आली ती त्याच्याच शेजारी, तशीच. ती पिवळी माती ओली होती आणि तिचा वास थेट आमच्या रानासारखा नव्हता, पण नांगरलेल्या मातीचा होता. मला वाटलं, ओरडून सांगावं सगळ्यांना की ही माझी आहे, ही माझी मुलगी आहे.

शेतकरी न सांगता तासात उतरले. कुणी गुडघ्यावर बसून माती हातात घेतली, कुणी खोली बघायला काठी खुपसली. हसला होता तो माणूस सगळ्यांत जास्त वेळ वाकून बघत होता. हेर क्लासेन घरात गेले आणि बाटली घेऊन आले. मला वाटलं आनंद साजरा करतात. तसं नव्हतं. घरी गाळलेली कडक दारू होती ती. त्यांनी ती फडक्यावर ओतली आणि डोळ्यावरचं माझं कुंकू स्वच्छ पुसून काढलं. उरलेली मग आनंदासाठी ठेवली.

दुपारी डोळाही चालला. पण लोकांनी तो जरा घाईनंच बघितला, त्यांचं मन फाळात होतं. निघताना हेर क्लासेन बिर्गिटला म्हणाले, हा नांगर इथंच ठेवा, ह्या मोसमात माझे सगळे मोर्गन ह्यानंच नांगरायचे. बिर्गिट, जी कमी बोलते, ती गौरीच्या खांद्यावर हात ठेवून पुष्कळ बोलली.

मी गौरीला विचारलं, "डोळ्याशिवाय इतकं सरळ कसं गं?"

"बाबा लिंबाच्या शेंड्याकडं बघून औत हाकायचे," ती बूट झटकत म्हणाली. "बैलांकडं बघायचेच नाहीत. मी बांधावर बसून बघायचे ना."

क्लासेनबाईंच्या अंगणात बसून मी घरी फोन लावला. तिकडं दिवस मावळला असेल. गौरीचे हात मातीनं भरलेले, म्हणून फोन स्पीकरवर ठेवला. हे अडतीवर होते, मागं पोत्यांचा आणि माणसांचा गलका ऐकू येत होता.

"चालला का?" त्यांनी हॅलोसुद्धा म्हटलं नाही.

मी सगळं सांगितलं. कुंकवाचं ऐकून ते इतके हसले की ठसका लागला. मोर्गन सांगितला, एकर सांगितला. "म्हणजे आपलं औतच की ते," ते म्हणाले. मग विचारलं, "चालवलं कुणी?"

"गौरीनं. डोळा बंद करून. तुम्ही लिंबाच्या शेंड्याकडं बघून हाकायचा, ते बघून शिकले म्हणते."

पलीकडं गलका वाढला. मला वाटलं त्यांना ऐकू गेलं नाही.

"अहो, ऐकताय ना?"

"तास सरळ आलं?"

"सुतासारखं."

मागून कुणीतरी त्यांना हाक मारली. "थांबा हो जरा," ते तिकडं वळून मोठ्यानं म्हणाले, "लेकीचा फोन आहे. नांगर बनवते ती. आज तिचा नांगर चालला तिकडं."

गौरी फडक्यानं हात पुसत होती. तिच्या हातातलं फडकं खाली पडलं.

"तिला म्हणावं," ते परत फोनवर आले, "उन्हाळ्यात ये. वरच्या रानाची नांगरट यंदा मी दुसऱ्या कुणाला सांगत नाही."